प्लुटोनियमचा हिशेब आणि एक छोटीशी बाटली

एखाद्या देशानं प्लुटोनियम गुपचूप बाजूला काढलं तर कळणार कसं? कॅमेरे, सील, इन्स्पेक्टर असतातच, पण खरी गोची मोजमापात आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था ८ किलो प्लुटोनियम ही धोक्याची रेघ मानते, तेवढ्यात एक बॉम्ब बनू शकतो असं धरून. आता वापरलेल्या अणुइंधनातून प्लुटोनियम काढण्यासाठी उभारलेला जपानचा रोक्काशो प्लांट घ्या, पूर्ण क्षमतेनं चालला तर वर्षाला साधारण ८ टन प्लुटोनियम वेगळं काढेल अशी त्याची रचना आहे, म्हणजे मोजण्यात नुसती १ टक्का चूक झाली तरी ८० किलोचा घोळ! चोरी न होताच हिशेबात खोट दिसेल, किंवा झालेली चोरी त्या घोळात लपून जाईल.

त्यात वापरलेलं इंधन ॲसिडमध्ये विरघळवलं की ते द्रावण इतकं किरणोत्सारी असतं की जाड भिंतीआडून यंत्राच्या हातांनीच हाताळावं लागतं. मग मोजतात कसं, तर पोत्यात मोजून शंभर रंगवलेले दाणे टाकायचे, नीट ढवळायचं आणि एक मूठ काढून रंगीत दाण्यांचं प्रमाण बघायचं, तसं. इथे रंगीत दाणे म्हणजे नेमकं प्रमाण माहीत असलेले आयसोटोप (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू), आणि अणू वजनानुसार वेगळे करणारा मास स्पेक्ट्रोमीटर फक्त त्यांचं गुणोत्तर मोजतो. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट ही वाटते की एकदा नीट मिसळलं की नंतर थोडं सांडलं तरी गुणोत्तर बदलत नाही.

पण टाकलेले दाणेच नीट मोजलेले नसतील तर सगळंच फुकट. म्हणून बेल्जियममधल्या गील गावची युरोपियन लॅब अगदी शुद्ध धातू काटेकोर वजन करून विरघळवते आणि छोट्या बाटल्यांत वाळवते. एका बाटलीत साधारण ५० मिलिग्रॅम युरेनियम आणि २ मिलिग्रॅमपेक्षाही कमी प्लुटोनियम, बस. वर सेल्युलोजचा थर, नाहीतर वाळलेला पापुद्रा प्रवासात सुटून आला तर मोजमाप गेलंच. ही मात्राही या कामाच्या मानानं मुद्दाम मोठी ठेवलेली असते, त्यामुळे आधी नमुना पातळ करत बसावं लागत नाही, आणि पातळ करताना शिरणारी चूक टळते.

एवढं करूनही प्लुटोनियमचं प्रमाणित द्रव्य कायमचं तसंच राहत नाही. त्यातलं प्लुटोनियम-२४१ सुमारे १४ वर्षांत निम्मं होतं आणि त्याचं अमेरिसियम बनतं, म्हणून सर्टिफिकेटवर तारीख लागतेच आणि वापरणाऱ्यानं त्या तारखेपासून आजपर्यंतची घट आकड्यांत धरायची असते.