लघुउद्योगातील आउटसोर्सिंग

ज्या कामासाठी व्यवसाय उभा राहिला ते स्वतःकडे ठेवायचे आणि हिशेब, करभरणा, पगारपत्रक, सफाई, पहारा, वाहतूक, संगणकांची देखभाल अशी पूरक कामे मोबदला देऊन बाहेरच्यांकडून करून घ्यायची, ही आउटसोर्सिंगची पद्धत. प्रथा तशी जुनीच आहे. आज या दुकानात, उद्या त्या दुकानात बसून वह्या लिहिणारे अर्धवेळ हिशेबनीस बाजारपेठांना नवे नाहीत.

कोणते काम घरात ठेवावे आणि कोणते बाहेरून घ्यावे, याची आर्थिक मीमांसा अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९३७ मध्ये मांडली. १९९१ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. काम बाहेरून घेतानाही खर्च येतो: योग्य माणूस शोधणे, दर ठरवणे, लक्ष ठेवणे. हा सगळा खर्च धरूनही बाहेरचे काम स्वस्त पडत असेल तरच ते बाहेर द्यावे. लहान व्यवसायात हे गणित बहुधा बाहेरच्या बाजूने झुकते, कारण महिन्यातून चार-पाच दिवसांच्या कामासाठी पूर्णवेळ पगार परवडत नाही. मात्र एक खर्च नेहमी विसरला जातो. बाहेरच्या सेवेवर साधारणपणे १८ टक्के जीएसटी लागतो आणि कंपोझिशन योजनेतील (उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरणाऱ्या) किंवा नोंदणी नसलेल्या व्यावसायिकाला त्याची वजावट मिळत नाही. त्याच्यासाठी दहा हजारांचे काम अकरा हजार आठशेचे होते.

मुख्य काम कोणते, हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने त्याची व्याख्या केली आहे: आस्थापना ज्यासाठी स्थापन झाली ते काम आणि त्याला आवश्यक असलेली कामे. सफाई, पहारा, उपाहारगृह, माल चढवणे-उतरवणे, बागकाम, वाहतूक ही कामे तिथे सर्वसाधारणपणे मुख्य मानलेली नाहीत. अर्थात आस्थापनाच त्या कामासाठी नसेल तर. ही व्याख्या कंत्राटी कामगारांपुरती आहे आणि त्या तरतुदी ५० किंवा त्याहून अधिक कंत्राटी कामगार असतील तिथे लागू होतात. लहान मालकाला त्यातून दिशा मिळते, उत्तर नाही. मसाल्याच्या उद्योगाचेच पाहा. दळण-कुटण, पाकिटांची छपाई, घरपोच वाटप बाहेर देता येते. प्रमाण आणि मिरचीची निवड देता येत नाही, कारण गिऱ्हाईक त्यासाठीच परत येते. एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरण) परवानाधारक उत्पादकाला मालाची सहामाही तपासणी करावी लागते, तीही बहुधा मान्यताप्राप्त बाहेरच्या प्रयोगशाळेतच होते. पण गिऱ्हाइकांचे फोन? ते किरकोळ काम समजून दुसऱ्याच्या हाती सोपवणे ही मोठी चूक आहे. तक्रार आधी तिथेच कळते.

सर्वांत जास्त बाहेर जाते ते हिशेबाचे आणि कराचे काम, आणि तिथेच सर्वांत जास्त गफलत होते. काम बाहेर गेले तरी जबाबदारी मालकाकडेच राहते. जीएसटीचे विवरणपत्र सल्लागाराने उशिरा भरले तरी विलंब शुल्क व्यावसायिकाच्या नावावर चढते. देय कर असेल तर ते दिवसाला ५० रुपये, शून्य विवरणपत्राला २० रुपये, ठरावीक कमाल मर्यादेपर्यंत. खरे नुकसान त्याहून मोठे असते. विक्रेत्याचे जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचे विवरणपत्र, भरले गेले नाही, तर ते बिल खरेदीदाराच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे त्याच्या वजावटीच्या तक्त्यात, दिसत नाही आणि त्याला कराची वजावट घेता येत नाही. सल्लागाराच्या दिरंगाईमुळे जुने गिऱ्हाईक पुढची ऑर्डर दुसरीकडे देते.

याच्याशी जोडलेली दुसरी अडचण किल्ल्यांची आहे. नोंदणीच्या वेळी सल्लागाराचाच मोबाइल आणि ईमेल दिला जातो; पासवर्ड त्याच्याकडे, डिजिटल सहीचा टोकन त्याच्या टेबलाच्या खणात. संकेतस्थळाचे डोमेन, म्हणजे त्याचा इंटरनेटवरचा पत्ता, ते बनवणाऱ्याच्या नावावर असते, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप सल्लागाराच्याच संगणकावर. संबंध बिघडले की व्यवसायच अडकतो. म्हणून ओटीपी मालकाच्या फोनवर यावा, डोमेन व्यवसायाच्या नावावर असावे आणि हिशेबाची प्रत दर महिन्याला हातात यावी, एवढे आधीच लेखी ठरवून घ्यायला हवे. ग्राहकांची माहिती बाहेर जात असेल तर अधिक काळजी हवी: २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार माहिती हाताळायला दुसऱ्याला दिली तरी उत्तरदायित्व देणाऱ्याचेच राहते. माणसांच्या बाबतीत हे तत्त्व फार आधीपासून आहे. कंत्राटदाराने वेतन थकवले तर ते मूळ मालकाने चुकते करावे, असे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते.

उत्पादनातला एखादा टप्पा बाहेर देणे, म्हणजे जॉबवर्क, हा याचाच शेजारचा प्रकार. भोसरीतल्या कारखान्यातून प्लेटिंगला (धातूचा मुलामा द्यायला) जाणारे सुटे भाग किंवा इचलकरंजीत सायझिंगला (खळ लावायला) जाणारे सूत ही त्याची उदाहरणे. जीएसटी कायद्यानुसार असा कच्चा माल डिलिव्हरी चलनावर कर न भरता पाठवता येतो, पण तो एका वर्षात परत आला पाहिजे किंवा तिथूनच पुढे रवाना झाला पाहिजे.

बाहेरचे काम करणाराही बहुधा लहानच असतो, ही गोष्ट या विषयावर बोलताना मागे पडते. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. पुढे मुदत चुकवणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च आयकरात वजा करू न देण्याची तरतूदही आली. मोठ्या कंपनीकडे थकलेल्या बिलांसाठी झगडणारा कारखानदार स्वतःच्या हिशेबनिसाचे पैसे मात्र तीन-तीन महिने अडवतो, हे सर्रास दिसते आणि ते अन्यायाचे आहे.

बाहेर दिलेले काम कायम बाहेरच राहते असे नाही. रोजची बिले आणि उधारी वाढली की हिशेब लिहिणारा माणूस दुकानातच बसवला जातो आणि सल्लागाराकडे विवरणपत्रे तेवढी उरतात. लेखापरीक्षण मात्र कितीही वाढ झाली तरी आत आणता येत नाही. कायद्याला तिथे बाहेरचाच सनदी लेखापाल लागतो.