सळई टाकली की लेकराचा हात वाढत नाही?

‘मोडल्या हातात सळई टाकली की लेकराच्या हाताची वाढ खुंटते’ असा मेसेज आपल्या विदर्भातल्या गावांत फिरत असतो. आईबापाची ही भीती समजण्यासारखी आहे. पण हाड लांबीला वाढतं ते टोकाजवळच्या कूर्चेतून, म्हणजे मऊ, लवचिक थरातून. एक्स-रेत मनगटाजवळ ती काळ्या रेघेसारखी दिसते. डॉक्टरांना दाखवायला सांगा. लवचिक सळई ती रेघ टाळूनच आत सरकवतात आणि हाड पक्कं जुळल्यावर, बहुधा 6 महिने ते वर्षभरात, काढतात. बंडीवरून पडलेल्या बहुतेक पोरांना प्लास्टरच पुरतं. हाड जागेवर टिकत नसेल किंवा कातडी फाडून बाहेर आलं असेल, तर ऑपरेशन लागतं.

खरा धोका बांबूच्या कामट्या करकचून बांधण्यात आहे. बोटं गार-बधिर पडली, सरळ करताना लेकरू कळवळलं, तर पट्टी सैल करा आणि रात्र असली तरी दवाखाना गाठा.