महागड्या घड्याळांचे मालक आणि आतले मशीन : पार्श्वभूमी

लाखो रुपये मोजून स्विस घड्याळ घेतलेल्या माणसाला त्याविषयी विचारले, तर मॉडेलचे नाव, ते मिळण्यासाठी किती महिने थांबावे लागले आणि आज बाजारात त्याला काय भाव आहे, हे तो बहुधा बिनचूक सांगतो. आत कोणते मशीन आहे, ते मुळात कोणत्या कारखान्यात तयार झाले, त्याची सफाई आणि तेलपाणी शेवटचे कधी झाले, या प्रश्नांवर मात्र अनेकजण अडखळतात. त्यावरून मालकाला नावे ठेवणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. घड्याळाबद्दल ग्राहकाला काय कळावे आणि काय कळू नये, हे गेली दीडशे-दोनशे वर्षे मुख्यतः हा धंदाच ठरवत आला आहे.

खिशातल्या घड्याळांच्या काळात थोडेफार यंत्रज्ञान असल्यावाचून मालकाचे भागतच नसे. चावी द्यायची तर वेगळी किल्ली घेऊन ती घड्याळाच्या भोकात बसवावी लागे, आणि ती कोणत्या बाजूला किती फिरवायची हे हाताला माहीत असावे लागे. आद्रियाँ फिलिप या घड्याळजींनी १८४५ साली वरच्या बटणानेच चावी देण्याच्या रचनेचे पेटंट घेतले आणि ही किल्ली हळूहळू नाहीशी झाली. तरी रोज ठरलेल्या वेळी चावी देणे आणि घड्याळ किती पुढे जाते किंवा मागे पडते ते ताडून पाहणे सुटले नव्हते. अमेरिकेत ओहायो राज्यातील किप्टन येथे एप्रिल १८९१ मध्ये दोन आगगाड्यांची टक्कर झाली. एका कर्मचाऱ्याचे चार मिनिटे चुकलेले घड्याळ त्या अपघाताला कारण ठरले, असे सांगितले जाते. त्यानंतर वेब बॉल या जवाहिऱ्याच्या पुढाकाराने रेल्वे घड्याळांचे कडक नियम तयार झाले. आठवड्याला ३० सेकंदांहून अधिक फरक चालत नसे, घड्याळ पाच वेगवेगळ्या स्थितींत तपासलेले असावे लागे आणि कर्मचाऱ्याला ते नेमाने तपासनिसाला दाखवून नोंद करून घ्यावी लागे. त्या ड्रायव्हरला आपल्या घड्याळाची चूक सेकंदांत ठाऊक असे, कारण त्याची नोकरी त्यावर अवलंबून होती.

आपल्याकडे ही सवय बरीच उशिरापर्यंत टिकली. एचएमटीने सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरूत घड्याळांचा कारखाना सुरू केला आणि तिथल्या चावीच्या घड्याळांनी एक पिढी वाढवली. सकाळी रेडिओच्या वेळेला घड्याळ लावून चावी देणाऱ्या त्या पिढीला स्वतःच्या घड्याळाचा स्वभाव आजच्या अनेक धनिकांपेक्षा अधिक चांगला कळत होता, असे मला ठामपणे वाटते.

मात्र घड्याळ वापरण्याचे ज्ञान वेगळे आणि ते कोणी बनवले याचे ज्ञान वेगळे. हे दुसरे ज्ञान ग्राहकाला पूर्वीही क्वचितच मिळत असे. जिनिव्हात घड्याळजींचा संघ १६०१ मध्येच स्थापन झाला होता, पण स्वित्झर्लंडच्याच ज्युरा पर्वतरांगांत वाढलेली पद्धत निराळी होती. तेथील शेतकरी कुटुंबे बर्फाने कोंडलेल्या हिवाळ्यात एखादाच सुटा भाग घडवत, कोणी चक्रे, कोणी स्क्रू, कोणी काटे, आणि व्यापारी ते सगळे गोळा करून घड्याळ जुळवून घेत. १७९३ मध्ये फोंतेनमलों येथे कच्ची, म्हणजे अजून पूर्ण न जुळवलेली मशीन एकगठ्ठा तयार करणारा कारखाना उभा राहिला आणि हा व्यवहार अधिकच पक्का झाला. १९२६ मध्ये अशा कारखान्यांची एबोश एसए ही संयुक्त कंपनी झाली. एकाच कारखान्याचे मशीन निरनिराळ्या नावांच्या तबकडीखाली विकले जाणे ही यात लबाडी नव्हती, तोच धंद्याचा राजमार्ग होता. ब्रिटिशांच्या काळात मुंबईत आणि कलकत्त्यात नावाजलेली ‘वेस्ट एंड वॉच कंपनी’ हे त्याचे जवळचे उदाहरण आहे. तबकडीवर वेस्ट एंड, आणि झाकण उघडले की कित्येक घड्याळांत लाँजिन या स्विस कंपनीच्या कारखान्याचे मशीन. गिऱ्हाईक मुंबईच्या दुकानावर विश्वास ठेवून घड्याळ घेई आणि त्याचे समाधान होई.

हा विश्वास दुकानावरून उचलून तबकडीवरच्या नावावर आणण्याचे काम ज्यांनी सर्वांत चिकाटीने केले, ते रोलेक्सचे संस्थापक हान्स विल्सडॉर्फ. १९०५ मध्ये लंडनमध्ये मेव्हण्याबरोबर त्यांनी सुरू केलेली पेढी मशीन स्वतः बनवत नव्हती. ही मशीन स्वित्झर्लंडमधील बिएन शहरातील एग्लर यांच्या कारखान्यातून येत. ‘रोलेक्स’ हे नाव १९०८ मध्ये नोंदवले गेले, पण इंग्रज दुकानदारांना तबकडीवर स्वतःचेच नाव हवे असे, आणि रोलेक्स हे नाव तिथे रुळवायला पुढची कितीतरी वर्षे गेली. १९२६ मध्ये पाणी आत न शिरू देणारी ऑयस्टर केस, म्हणजे घड्याळाचे बाहेरचे कवच, आली. पुढच्याच वर्षी मर्सिडीज ग्लाइट्झ ही तरुणी ते घड्याळ गळ्यात घालून इंग्लिश खाडीच्या गारठलेल्या पाण्यात दहा तासांहून अधिक काळ पोहली, घड्याळ चालूच राहिले, आणि विल्सडॉर्फ यांनी ‘डेली मेल’चे पहिले पान विकत घेऊन ती गोष्ट इंग्लंडभर पोहोचवली. १९३१ मध्ये हाताच्या हालचालीने आपोआप चावी घेणारे पर्पेच्युअल मशीन आले. याचा मालकावर झालेला परिणाम मला फार महत्त्वाचा वाटतो. केस स्क्रूने बंद, बटणही स्क्रूने बंद, आणि चावी द्यायची गरजच उरली नाही. घड्याळ जितके निर्धोक झाले, तितका मालकाचा मशीनशी संबंध तुटत गेला. त्याच्या हातात नाव आणि त्या नावाची कथा राहिली.

२५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत सेको कंपनीचे अ‍ॅस्ट्रॉन हे क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणारे घड्याळ विक्रीला आले. महिन्याला पाच सेकंदांच्या आतबाहेर चालणारे ते घड्याळ अचूकतेत कोणत्याही स्विस यांत्रिक घड्याळाला सहज मागे टाकत होते. १९७० च्या सुमारास स्विस घड्याळ उद्योगात सुमारे ९०,००० माणसे होती. पंधरा-सोळा वर्षांत ती जवळपास ३०,००० वर आली. आज चढ्या भावाने विकली जाणारी कित्येक मॉडेल्स याच पडझडीच्या वर्षांतली आहेत. ओदमार पिगेचे रॉयल ओक १९७२ चे, पाटेक फिलिपचे नॉटिलस १९७६ चे, आणि दोन्हींचे आरेखन जेराल्ड जेंता यांचे. दोन्ही घड्याळांतली मशीन एकाच कुळातली होती, जेगर-लकूल्त्रने १९६० च्या दशकात विकसित केलेल्या ९२० या अतिशय पातळ मशीनवर बेतलेली. त्याच कुळातले मशीन व्हॅशरॉन कॉन्स्टंटिननेही १९७७ च्या ‘२२२’ मध्ये वापरले. खुद्द जेगर-लकूल्त्रने मात्र ते स्वतःच्या नावाच्या घड्याळात कधी विकले नाही. यात कोणाला कमीपणा नाही, कारण प्रत्येक घराण्याने त्या मशीनवर आपापल्या हाताचे बारीक काम केलेले असे. तरीही आपले घड्याळ शेजाऱ्याच्या घड्याळाहून अंतर्बाह्य वेगळे आहे असे मानणाऱ्या त्या काळच्या मालकाला हे कोणी आपणहून सांगत नव्हते.

रोलेक्सच्या डेटोना या मॉडेलची हकीगत याहून बोलकी आहे. झेनिथ या स्विस कंपनीने १९६९ मध्ये एल प्रिमेरो हे तासाला ३६,००० ठोके देणारे ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ मशीन, म्हणजे आपोआप चावी घेणारे आणि स्टॉपवॉचचेही काम करणारे मशीन, आणले. १९७५ मध्ये कंपनीच्या तत्कालीन अमेरिकी मालकांनी यांत्रिक मशीनचे काम थांबवून साधनसामग्री काढून टाकण्याचा हुकूम दिला. ल लोक्लच्या कारखान्यातील शार्ल व्हर्मो या कारागिराने तो मनाविरुद्ध गिळला. हत्यारे, साचे आणि आराखडे त्यांनी एकेक करून माळ्यावर नेऊन दडवले आणि प्रत्येक वस्तू कशाची हे लिहून ठेवले. त्या साधनांमुळेच १९८० च्या दशकात एल प्रिमेरो पुन्हा तयार होऊ शकले. १९८८ मध्ये आलेल्या ऑटोमॅटिक डेटोनात रोलेक्सने हेच मशीन घेतले, पण त्यातली तारीख काढली, ठोके २८,८०० वर आणले, बॅलन्स व्हील (मागेपुढे झुलून घड्याळाची गती राखणारे चाक) बदलले आणि त्याला ४०३० हा स्वतःचा क्रमांक दिला. २००० साली रोलेक्सचे स्वतःचे ४१३० येईपर्यंत, म्हणजे बारा वर्षे, डेटोना घेणारा माणूस व्हर्मो यांनी माळ्यावर वाचवलेल्या यंत्राचा वारस मनगटावर मिरवत होता. तबकडीवर, केसवर वा हमीपत्रावर त्याचा उल्लेख नव्हता.

अचूकतेच्या जोरावर विकणे अशक्य झाल्यावर उद्योगाने पवित्रा बदलला. ज्याँ-क्लोद बिव्हर आणि जाक पिगे यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडलेले ब्लाँपां हे नाव विकत घेतले आणि आम्ही क्वार्ट्झ घड्याळ कधी केले नाही व करणारही नाही, हीच आपली जाहिरात केली. इतकी वर्षे झाकणाआड ठेवलेले मशीन आता दाखवण्याची वस्तू झाले. मागच्या बाजूला पारदर्शक काच बसू लागली. २००२ मध्ये स्वॉच समूहाने आपल्या ईटीए कारखान्याची कच्ची मशीन बाहेरच्या कंपन्यांना देणे कमी करणार असल्याचे जाहीर केले. त्यानंतर स्वतःच्या कारखान्यातले मशीन ही बढाईची बाब झाली, आणि मालकांच्या तोंडी मशीनचे क्रमांक आले. हे ज्ञान खरे आहे, पण त्यातले बरेचसे विक्रीसाठी निवडून दिलेले आहे. रोजच्या वापरात लागणारे ज्ञान त्यात फारसे येत नाही.

ते ज्ञान कोणते, याची काही उदाहरणे पुरेशी आहेत. सीओएससी या स्विस संस्थेचे क्रोनोमीटर प्रमाणपत्र मिळण्यासाठी मशीन १५ दिवस, पाच स्थितींत आणि तीन तापमानांत तपासले जाते आणि त्याची सरासरी रोजची चूक उणे ४ ते अधिक ६ सेकंदांत असावी लागते. म्हणजे प्रमाणपत्र असलेले घड्याळ महिन्याला दोन-तीन मिनिटे पुढे गेले तरी ते नियमात बसते. बाजारातले साधे सेलवरचे घड्याळ याहून अचूक असते. हे माहीत नसलेला मालक निर्दोष घड्याळ दुरुस्तीला नेतो. उलट, घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटे पुढे पळू लागले, तर ते बहुधा लोहचुंबकाजवळ आलेले असते. फोनच्या आवरणातला किंवा लॅपटॉपच्या झाकणातला चुंबक हेअरस्प्रिंगच्या, म्हणजे बॅलन्स व्हीलला झुलवणाऱ्या बारीक स्प्रिंगच्या, वेटोळ्यांना एकमेकांना चिकटवतो, स्प्रिंगची कामाची लांबी घटते आणि बॅलन्स व्हीलची झुलण्याची गती वाढते. चुंबकत्व उतरवण्याच्या यंत्रावर हे काम काही सेकंदांत होते, त्यासाठी घड्याळ उघडावेही लागत नाही. तारखेचेही तसेच आहे. साधारण रात्री नऊ ते पहाटे तीनपर्यंत तारीख बदलणारे दात चक्रात अडकू लागलेले असतात; त्या वेळी बटणाने तारीख पुढे ढकलली, तर अनेक मशीनमधला एखादा दात तुटू शकतो. आणि ‘३० मीटर’ असे कोरलेले घड्याळ पोहायला चालत नाही. तो आकडा प्रयोगशाळेतील स्थिर दाबाचा असतो, तोही रबराचे वायसर नवे असताना. कोकण-मुंबईच्या दमट हवेत वायसर कडक झाले, की काचेखाली धुके दिसू लागते.

जुन्या घड्याळांच्या बाजारात अज्ञानाची किंमत पैशात मोजली जाते. पॉल न्यूमन या अभिनेत्याचे स्वतःचे डेटोना ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरना गेले; त्याच्या आत वाल्जू कारखान्याच्या मशीनवर बेतलेले चावीचे मशीन होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात १९५७ चे एक ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकपेक्षा अधिक किमतीला विकले गेले, आणि ते घेतले खुद्द ओमेगाने, स्वतःच्या संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये कंपनीने जाहीर केले की ते निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून तयार केलेले होते आणि या फसवणुकीत आपलेच माजी कर्मचारी सामील होते. बनवणाराच फसू शकत असेल, तर सामान्य खरेदीदाराला दोष किती द्यावा, याचा विचार करायला हवा.

मुंबईचा यातला वाटा सांगितलाच पाहिजे. जुन्या एचएमटी आणि फेव्हर-ल्यूबा घड्याळांना नवी रंगवलेली तबकडी, भलतेच काटे आणि हाती लागेल ते मशीन बसवून ती परदेशी ग्राहकांना मूळची म्हणून विकण्याचा धंदा इथून इतका वाढला, की जगभरचे संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. भिंगाखाली ती ओळखता येतात. छापील अक्षरांच्या कडा फुगलेल्या असतात, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत, आणि मागचे झाकण काढले की मशीनवरचे नाव तबकडीवरच्या नावाशी मेळ खात नाही. मात्र आधी सांगितल्याप्रमाणे वेस्ट एंडसारख्या घड्याळात नावे वेगळी असणे हेच अस्सलपणाचे लक्षण असू शकते. म्हणून एखाद्या नावाच्या घड्याळात त्या काळी कोणाचे मशीन बसत असे, हे ठाऊक असल्याखेरीज नुसते झाकण उघडून काहीच ठरत नाही.