आरटीटीवाय (रेडिओ टेलिटाइप, म्हणजे रेडिओवरून टाइप केलेला मजकूर पाठवणं) चालू करताय? बॉक्स लावायच्या आधी हे वाचा

आमचा इंटरफेस (कॉम्प्युटर आणि रिग, म्हणजे रेडिओ सेट, जोडणारा बॉक्स) घेतल्यावर जे फोन येतात त्यातले बहुतेक दोनच प्रकारचे असतात. एक, "स्क्रीनवर नुसता कचरा येतोय", आणि दुसरा, "मला सगळे दिसतात पण मला कोणी उत्तरच देत नाही". दोन्ही वेळा बॉक्स सहसा ठीक असतो, गडबड सेटिंगमध्ये असते, म्हणून हा कागद बॉक्सबरोबर टाकतोय.

आधी थोडक्यात काय चाललंय ते. आरटीटीवायमध्ये दोनच टोन असतात, मार्क आणि स्पेस, हॅम (हौशी रेडिओच्या) बँडवर त्यांच्यात 170 हर्ट्झचं अंतर आणि स्पीड 45.45 बॉड (सेकंदाला इतके बिट). म्हणजे एक बिट 22 मिलिसेकंदाचा, आणि स्टार्ट बिट, पाच डेटा बिट, दीड स्टॉप बिट धरून एक अक्षर 165 मिलिसेकंदात जातं. पाच बिटमध्ये 32 च कॉम्बिनेशन बसतात, तेवढ्यात अक्षरं आणि आकडे दोन्ही मावत नाहीत, म्हणून एक शिफ्ट कोड पाठवून "आता आकडे" आणि दुसरा पाठवून "आता अक्षरं" असं सांगावं लागतं. हा शिफ्ट कोड क्यूआरएममध्ये (दुसऱ्या स्टेशनच्या अडथळ्यात) किंवा फेडिंगमध्ये (सिग्नल मधेच क्षीण होण्यात) गेला की मजा होते, समोरचा 599 (सिग्नल उत्तम असल्याचा रिपोर्ट) पाठवतो आणि तुमच्याकडे टीओओ छापलं जातं. घाबरू नका, कीबोर्डच्या वरच्या ओळीत बघा, 5 च्या खाली टी आणि 9 च्या खाली ओ, हेच ते. कॉन्टेस्टवाले टीओओ सरळ 599 म्हणूनच वाचतात. सॉफ्टवेअरमध्ये यूएसओएस नावाचा ऑप्शन असतो, तो चालू असला की स्पेस आली की डिकोडर आपोआप अक्षरांवर परत येतो.

आता कचरा. सिग्नल जोरात आहे, ट्युनिंगच्या दोन्ही लंबगोल रेषा छान फुलीसारख्या उभ्या आहेत आणि तरी वाचता येत नाही, तर नव्वद टक्के मार्क-स्पेस उलटे झालेत. ऑडिओ टोनने चालवत असाल (एएफएसके) तर रिग एलएसबीवर (लोअर साइडबँड) किंवा त्याच्या डेटा मोडवर पाहिजे, टोन 2125 आणि 2295. यूएसबीवर (अप्पर साइडबँड, केबलवाला यूएसबी नव्हे) ठेवलं की सगळं उलटतं. रिव्हर्स बटण दाबून बघायला हरकत नाही, पण वाचता आलं म्हणजे मोड चुकलाय हे कळलं, तेवढ्यावर भागवू नका, मोड बदला.

रिगच्या एफएसके इनपुटला थेट कीइंग (टोनऐवजी चालू-बंद सिग्नल, त्यावरून रिग स्वतः मार्क-स्पेस बदलते) देत असाल तर तिथे एक वेगळाच सापळा आहे. ऐकणं ऑडिओतून होतं आणि पाठवणं कीइंग लाइनमधून, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, त्यामुळे तुम्हाला सगळं स्वच्छ दिसतं आणि तुम्ही मात्र उलटे जात असता. वर सांगितलेला "कोणी उत्तर देत नाही"वाला फोन बऱ्याचदा हाच. रिगच्या मेनूत एफएसके पोलॅरिटी बदला आणि जवळच्या एखाद्या मित्राला ऐकायला सांगा.

एएफएसकेवाल्यांनी लेव्हलकडे खरंच लक्ष द्यावं, इथे आम्ही जरा हट्टी आहोत. कॉम्प्युटरचा आवाज फुल करून ठेवायचा नाही. स्पीच प्रोसेसर बंद, विंडोजचे नोटिफिकेशनचे आवाज बंद (नाहीतर ते टिंग टिंग पण ऑन एअर जातं), आणि मग बॉक्सवरचा ट्रान्समिट नॉब शून्यापासून हळूहळू वाढवत एएलसीची (रिग स्वतःहून लेव्हल आवरते, ते दाखवणारा मीटर) सुई हलायला लागली की थोडं मागे यायचं. एएलसी लागला की सिग्नल पसरतो आणि शेजारच्या स्टेशनला तुमचे भूतटोन ऐकू येतात, वॉट वाढले असं वाटतं पण कॉपी खराबच होते.

पॉवरचं पण बघा. बोलताना रिगला मधेमधे विश्रांती मिळते, आरटीटीवायमध्ये पूर्ण ओव्हरभर (तुमची पाठवण्याची पाळी संपेपर्यंत) एक ना एक टोन सतत चालूच असतो. 100 वॉटची रिग मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं नसेल तर 40-50 वर चालवा. फायनल (रिगचा शेवटचा पॉवर भाग) उडाल्यावर त्याचा खर्च आमच्या बॉक्सच्या कितीतरी पट.

डायलबद्दल एक गोष्ट सगळेच विसरतात. एलएसबीवर एएफएसके करताना डायल 14.087125 मेगाहर्ट्झ दाखवत असेल तर तुमचा मार्क 14.085 वर असतो, एफएसके मोडमध्ये मात्र बऱ्याच रिग डायलवर थेट मार्कच दाखवतात. स्पॉट टाकताना (कोणतं स्टेशन कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहे ते इतरांना कळवताना) गोंधळ इथेच होतो. 14.100 वर जगभरचे बीकन (ठरलेले चाचणी सिग्नल) चालतात, तिकडे फिरकू नका, आणि बँड प्लॅन आपापल्या देशाचा बघा.

ट्रान्समिट केल्यावर माऊस गोठला किंवा कॉम पोर्ट गायब झाला तर आरएफ (रेडिओचा सिग्नल) केबलमधून आत येतोय, यूएसबी केबलला दोन्ही टोकांना फेराइट (चुंबकीय कडं) लावा. गुणगुण असेल तर ग्राउंड लूप, पण आमच्या बॉक्समध्ये ऑडिओला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आहेत, तेव्हा बॉक्स सोडून दुसरी कुठली वायर रिग आणि कॉम्प्युटर जोडतेय का ते आधी शोधा.

एवढं करूनही जमलं नाही तर फोन करा, फक्त रिगचं मॉडेल, एफएसके का एएफएसके, आणि एएलसी मीटर ट्रान्समिटला किती दाखवतो एवढं बघून ठेवा.