गोळी आम्ल कमी करते, झडप घट्ट करत नाही

रात्री आडवं झालं की घशाशी आंबट येतं, छातीत जळजळतं. ॲसिडिटीची गोळी महिनोन् महिने चालू असूनही फरक नाही. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल या गोळ्या जठरातलं आम्ल कमी करतात. अन्ननलिकेच्या तळाशी झडपेसारखं काम करणारा स्नायू त्यांनी घट्ट होत नाही. तो सैल असेल तर जठरातलं पाणी वर येतच राहतं, फक्त कमी आंबट होऊन.

मग झडपच दुरुस्त करायची. शल्यचिकित्सक रुडॉल्फ निसेन यांनी १९५५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथे जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या टोकाभोवती मफलरसारखा गुंडाळला. १९९१ पासून हेच काम पोटावर छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीने होऊ लागलं. जळजळ थांबते, पण काहींना नंतर ढेकर येत नाही, पोट फुगतं, घास अडकतो. शस्त्रक्रियेआधी हे रुग्णाला नीट सांगायलाच हवं.

अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळालेलं चुंबकी कडं मला फार देखणं वाटतं. टायटॅनियमच्या मण्यांत चुंबक असतात. हे कडं दुर्बिणीनेच अन्ननलिकेभोवती बसवतात. घास आला की मणी दूर होतात, तो खाली गेला की पुन्हा जवळ येतात. कड्याभोवती शरीर नवी ऊती धरतं; ती आवळून बसू नये म्हणून रुग्णाला सुरुवातीला दर एक-दोन तासांनी थोडं थोडं खायला सांगतात. तोंडावाटे दुर्बीण घालून आतूनच जठराची घडी टाचण्याचाही उपाय आहे. त्यात पोटावर छेद नसतो, मात्र हर्निया, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीत सरकणं, मोठा असेल तर हा उपाय एकटा पुरत नाही.

पण दुखणं खरोखर झडपेचंच आहे का? २०१९ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गोळीला दाद न देणारे ३६६ रुग्ण त्यात होते. ओमेप्राझोल दिवसातून दोनदा, जेवणाआधी, नेमाने घेतल्यावर ४२ जण दोन आठवड्यांतच बरे झाले! तपासण्यांच्या चाळणीतून शेवटी ७८ उरले. त्यांच्यापैकी शस्त्रक्रिया झालेल्यांत वर्षभराने ६७ टक्क्यांना आराम होता. नुसत्या औषधांच्या दोन गटांत २८ आणि १२ टक्क्यांना.

आणि ९९ जणांची जळजळ आम्ल वर येण्यामुळे नव्हतीच. आम्लाची नोंद घेणारी बारीक नळी नाकातून २४ तास घालून ठेवली की हे कळतं. अशा रुग्णांना झडप आवळून उपयोग नाही. त्यांना नैराश्यावरची गोळी अगदी कमी मात्रेत देतात, कारण अन्ननलिकेच्या अतिसंवेदनशील नसा तिने शांत होऊ शकतात.