बारा जणांचा श्वास, एक खोली

पाटण-जावळीकडच्या बऱ्याच गावांची मुंबईत गावकीची एखादी खोली असते. आम्ही तिला गाळा म्हणतो. मी पाहिलेला गाळा लालबागला होता, दहा बाय बाराचा. भिंतीला एकावर एक ट्रंका, माणशी एक खुंटी, कोपऱ्यात वळकट्यांची थप्पी. जेवण खानावळीत. दिवसपाळीवाले बाहेर पडले की त्यांच्या जागेवर रातपाळीवाले आडवे व्हायचे. पाळ्या होत्या म्हणूनच एवढी माणसं मावायची.

24 मार्च 2020 च्या रात्री कोरोनामुळे टाळेबंदी जाहीर झाली. सगळ्यांनी घरीच थांबायचं. कामं बंद, खानावळी बंद, आणि पाळीपाळीने झोपणारी सगळी माणसं एकाच वेळी खोलीत.

आता थोडं गणित. नऊ फूट उंचीच्या अशा खोलीत साधारण तीस हजार लिटर हवा मावते, तीही सामान धरलं नाही तर. झोपलेला माणूस मिनिटाला सहाएक लिटर हवा आत-बाहेर करतो. बारा माणसं आठ तास झोपली, तर साडेचौतीस हजार लिटर. म्हणजे एका रात्रीत खोलीभर हवेपेक्षा जास्त हवा कुणा ना कुणाच्या छातीतून फिरून येते. खिडकी बंद असेल तर तीच हवा पुन्हा शेजारच्याच्या नाकात. खोकल्याचे मोठे थेंब लवकर खाली पडतात. बोलताना, श्वास सोडताना निघणारे बारीक कण मात्र तासन्‌तास तरंगत राहतात. तिथे सहा फुटांच्या अंतराला काय अर्थ उरतो? त्यात नळ सामाईक, संडासाची रांग सामाईक.

जुलै 2020 मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत लोकांचं रक्त तपासलं गेलं. झोपडपट्टीत सुमारे 57 टक्के लोकांना लागण होऊन गेलेली आढळली, बाकीच्या वस्तीत 16 टक्क्यांना. शहर एक, विषाणू एक, आदेशही एकच.

1918 च्या इन्फ्लुएन्झातही हेच घडलं होतं. मुंबईत तेव्हा खालच्या मानल्या गेलेल्या जातींमध्ये हजारी साठाहून अधिक माणसं गेली, युरोपियनांमध्ये आठच्या आसपास.

हातावर पोट असलेला माणूस अंगातला ताप बोलून दाखवत नाही. सांगितलं तर खोली सील होणार, बाकीच्यांचीही मजुरी बुडणार. त्याला बेजबाबदार म्हणणं मला पटत नाही. शिवाय हा आजार लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरतो. तेव्हा गाळ्यातून निघालेल्या धडधाकट माणसालाही आपण काय घेऊन चाललोय, ते कळायला मार्ग नव्हता.

मे महिन्यात मुंबईकर गावाकडे परतू लागले. कुठे वेशीवर काट्या टाकल्या होत्या, कुठे सख्ख्या भावानेही दार उघडलं नाही. भीती खरी होती, पण ज्यांच्या मनीऑर्डरींवर घरांना कौलं चढली, त्यांना उंबऱ्याबाहेर ताटकळताना पाहून पोटात तुटायचं.

आमच्या गावाने त्यांना प्राथमिक शाळेत ठेवलं. डबा घरून यायचा, व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवायचा आणि लांब व्हायचं. एका वर्गात तिघे, समोरासमोर खिडक्या, रात्रभर घाटावरून येणारा वारा. शेजारचे आबा तिथे चौदा दिवस राहिले. कठड्यापलीकडून मला म्हणाले, "तीस वर्षांत पाय लांब करून पहिल्यांदा झोपलो बघ."