डोपामीनचा उपवास आणि अळिवाचा राजगड

दिवाळीच्या सुट्टीत कोथरूडला बहिणीकडे राहायला गेलो, तेव्हा भाचीचा राजगड तयार झाला होता. सोसायटीच्या पार्किंगमधला एक कोपरा, विटांचे तुकडे, त्यावर गोणपाट, त्यावर चाळलेल्या मातीचा चिखल. आठवडाभर आधी अळीव पेरलेले, त्यामुळे पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तिन्ही माच्या हिरव्यागार. मावळे कसब्यातल्या कुंभारवाड्यातून आणलेले. बहिणीनं फोटो काढला आणि किल्ले करणाऱ्या हौशी मंडळींचा एक ऑनलाइन ग्रुप आहे, तिथं टाकला. रात्रीपर्यंत ८५ बदाम, म्हणजे लाइक्स, आले. घरात जिलेबी आली.

दुसऱ्या दिवशी भाचीनं हट्टानं सुवेळा माचीवरच्या नेढ्याचा फोटो टाकायला लावला. खडकातलं ते आरपार भोक तिनं आईच्या जुन्या बांगडीभोवती माती लिंपून केलं होतं आणि अख्ख्या किल्ल्यात तिचा जीव त्या नेढ्यातच होता. बदाम आले ११. दिवसभर ती थोड्या थोड्या वेळानं आईचा फोन मागत होती. झोपायच्या आधी तिनं मला विचारलं, "मामा, नेढं चांगलं नाही का झालं?"

त्याच रात्री नात्यातल्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. डोपामीन हे आनंदाचं रसायन आहे, मोबाइल बघून बघून ते संपतं, म्हणून सात दिवस 'डोपामीनचा उपवास' करा, मेंदूची टाकी पुन्हा भरेल. खाली कुठल्याशा चूर्णाची जाहिरात. हा मजकूर पहिल्या वाक्यापासून चुकीचा आहे. गंमत अशी की भाचीच्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ त्याच रसायनात दडलेलं आहे, फक्त ते रसायन खरोखर काय करतं हे आधी नीट पाहायला हवं.

आपल्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. त्यांतल्या डोपामीन बनवणाऱ्या पेशी मध्यमेंदूत चार ते सहा लाख एवढ्याच. मूठभर म्हणाव्यात अशा. पण त्यांचा पसारा थक्क करणारा असतो. उंदराच्या मेंदूत अशा एकेका पेशीच्या तंतूच्या सगळ्या फांद्या मोजल्या, तर त्यांची लांबी सरासरी अर्ध्या मीटरच्या आसपास भरली. म्हणजे एक पेशी एकाच शेजारणीच्या कानात बोलत नाही, ती अख्ख्या पेठेत दवंडी पिटते.

डोपामीनचं महत्त्व कळलं त्यात आपल्याकडच्या एका झुडपाचा हात आहे. सर्पगंधा आपल्या वैद्यांना जुनीच ओळखीची. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली तिचा रक्तदाबावरचा उपयोग शोधनिबंधातून जगापुढे मांडला. पुढं तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढण्यात आलं. स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी १९५७ साली ते सशांना दिलं, तेव्हा ससे जागच्या जागी थिजले. मग त्यांनी एल-डोपा टोचलं, ज्यापासून शरीर डोपामीन बनवतं, आणि ससे पुन्हा हालचाल करू लागले. पार्किन्सनच्या आजारावरच्या औषधाची वाट या प्रयोगातून निघाली. कार्लसन यांना २०००चं नोबेल मिळालं. या आजारात मध्यमेंदूतल्या याच पेशी मरत जातात, हातपाय आखडतात, चालणं अवघड होतं. डोपामीन खरोखर 'रिकामं' झालं तर माणसाचं हे असं होतं. मोबाइल पाहून कुणाची टाकी संपत नाही, आणि बाजूला ठेवल्यानं भरत नाही. फोन दूर ठेवा, झोप चांगली लागेल, वेळ वाचेल, त्यासाठी रसायनशास्त्राच्या खोट्या दाखल्याची काहीच गरज नाही. चूर्णांबद्दल मात्र एक इशारा द्यायलाच हवा. खाजकुयलीच्या बियांत खरोखरच एल-डोपा असतं. म्हणूनच 'नैसर्गिक आहे' या भरवशावर ते मनानं घेऊ नये. ज्यात खरं औषध असतं, त्याचं प्रमाणही चुकू शकतं.

मग 'आनंदाचं रसायन' हे बिरूद आलं कुठून? १९५४ साली माँट्रियलला जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिलनर यांनी उंदरांच्या मेंदूत तारा बसवल्या. दांडा दाबला की मेंदूच्या ठरावीक भागाला विजेचा हलका झटका. उंदीर दांडा दाबतच राहिले. सगळ्यांनी अर्थ काढला की हे सुखाचं केंद्र. ज्या वाटांवर हे घडत होतं, त्यांत डोपामीन सापडलं आणि बिरूद त्याला चिकटलं. पण दांडा पुन्हा पुन्हा दाबणं म्हणजे सुख होणं, हे कुणी तपासलंच नव्हतं. ते केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी १९८९ साली तपासलं. उंदरांच्या मेंदूतलं डोपामीन जवळजवळ नाहीसं केलं. असे उंदीर समोरचं अन्नही आपणहून खात नाहीत. तरी तोंडात साखरेचं पाणी सोडलं की पूर्वीसारखेच जिभल्या चाटतात. गोडी शाबूत होती. गेली होती ती ओढ.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या प्रयोगाकडे येतो, आणि इथं जरा रेंगाळणार आहे.

स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबोर्ग इथं वोल्फ्राम शुल्ट्झ माकडांच्या मध्यमेंदूतल्या एकेका डोपामीन पेशीचे विद्युत ठोके ऐकत होते. एरवी ही पेशी सेकंदाला तीन ते पाच ठोके देते. माकडाच्या तोंडात अचानक रसाचा थेंब पडला की ठोक्यांची झड लागते. इथवर सगळं 'आनंदाच्या रसायना'ला साजेसंच. मग शुल्ट्झ यांनी थेंबाच्या आधी दिवा लावायला सुरुवात केली. दिवा, थोडा वेळ, थेंब. पुन्हा दिवा, पुन्हा थेंब. माकड शिकलं, आणि पेशीचं वागणं पालटलं. झड दिव्याला लागू लागली. रस आला तेव्हा पेशी एरवीच्याच संथ लयीत. तोच रस, तीच गोडी, माकडाला तो हवाही होता, पण पेशीला त्यात सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पुढची पायरी मला आजही थरारून टाकते. एकदा दिवा लावला आणि रस दिलाच नाही. रस यायची जी वेळ होती, नेमक्या त्या क्षणी पेशीचे ठोके थांबले. बाहेर काहीही घडलं नव्हतं, आवाज नाही, स्पर्श नाही. न घडलेल्या गोष्टीची नोंद मेंदूनं वेळेवर केली होती. म्हणजे आत कुठं तरी अंदाज मांडलेला होता, किती येणार आणि केव्हा येणार याचा. पेशी सांगत होती ती हाती आलेल्यातून अंदाज वजा करून उरणारी बाकी.

ही वजाबाकी मानसशास्त्रात रॉबर्ट रेस्कोर्ला आणि ॲलन वॅग्नर यांनी १९७२ सालीच लिहून ठेवली होती, आणि संगणकाला चुकतमाकत शिकवण्यासाठी रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो यांनी तिचंच जास्त समर्थ रूप तयार केलं होतं. शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी १९९७ साली दाखवलं की माकडाच्या पेशी हेच गणित करताहेत. सटन आणि बार्टो यांच्या गणितात एक बारकावा आहे. त्यांची वजाबाकी शेवटच्या निकालाची वाट पाहत नाही. प्रत्येक क्षणाचा अंदाज पुढच्या क्षणाच्या अंदाजाशी ताडला जातो, आणि फरक एकेक पायरी मागं सरकत जातो. म्हणून झड रसाकडून दिव्याकडे सरकली. दिव्याच्याही आधी घंटा वाजवलीत, तर ती घंटेकडे जाते. फोन नुसता टुणकन वाजला तरी हात खिशाकडे जातो, तो याच वाटेनं. आणखी एक मेख आहे. एरवीचा वेग मुळात सेकंदाला तीन-पाच ठोके, त्यामुळे खुशीला वर चढायला भरपूर जागा, हिरमोडाला खाली उतरायला शून्यापर्यंतच. एवढ्याशा जागेत लहान निराशा आणि मोठी निराशा वेगळी कशी दाखवायची, ही पेशीपुढची खरी अडचण आहे, आणि थांबण्याचा काळ लांबवून ती काही अंशी सुटते.

हे सगळं मी भाचीला पार्किंगच्या फरशीवर खडूनं मांडून दाखवलं. सूत्र एवढंच: नवा अंदाज म्हणजे जुना अंदाज अधिक फरकाचा ठरावीक हिस्सा. सोयीसाठी निम्मा हिस्सा धरला. पहिल्या फोटोआधी तिला साधारण ५ बदाम येतील असं वाटत होतं. आले ८५. फरक अधिक ८०. त्याचा निम्मा ४०, म्हणून नवा अंदाज ४५. दुसऱ्या दिवशी आले ११. फरक उणे ३४. म्हणून हिरमोड.

मग तेच फोटो उलट्या क्रमानं धरले. आधी नेढं. अंदाज ५, आले ११, फरक अधिक ६. झकास. नवा अंदाज ८. दुसऱ्या दिवशी अख्खा राजगड, आले ८५, फरक अधिक ७७. दोन्ही दिवस दिवाळी! फोटो तेच, बदाम तेच ९६, बदलला फक्त क्रम. नेढं कसं झालंय, ही गोष्ट त्या गणितात कुठंच येत नाही.

अर्थात माकडाच्या पेशीवरून थेट मुलीच्या मनावर उडी मारणं बरोबर नाही. मधला एक पूल मात्र बांधला गेलाय. रॉब रटलेज आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली लहानसा पैजेचा खेळ तयार केला. त्यात मधूनमधून 'आत्ता किती बरं वाटतंय' असं विचारलं जायचं. फोनवरून १८,४२० लोक तो खेळले. त्या क्षणी माणूस किती खूश आहे, याचा संबंध एकूण किती जिंकलं याच्याशी नव्हता, नुकतंच जे मिळालं ते अपेक्षेपेक्षा किती सरस ठरलं याच्याशी होता. ब्यॉर्न लिंडस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली चार हजारांहून जास्त लोकांच्या दहा लाखांवर पोस्ट तपासल्या. त्यांत इन्स्टाग्राम होतं, तसे बागकामासारख्या छंदांचे छोटे समूहही होते. लोक पुढची पोस्ट किती वेळानं टाकतात, हे मिळणाऱ्या लाइक्सच्या सरासरी दराप्रमाणं बदलतं, आणि दांडा दाबणाऱ्या उंदरांच्या वागण्याचं जे गणित आहे ते इथंही बरंचसं लागू पडतं. डोपामीन तिथं कुणीही मोजलं नव्हतं, हे विसरून चालणार नाही.

तरीही आपण केलेली वस्तू दाखवण्यातला सगळा रस आकड्यांतच आहे असं मला वाटत नाही, आणि तसं म्हणायला पुरावाही आहे. आपल्या बोलण्याचा ३० ते ४० टक्के भाग स्वतःचे अनुभव सांगण्यात जातो. हार्वर्डमध्ये डायना तामीर आणि जेसन मिचेल यांनी २०१२ साली दाखवलं की स्वतःबद्दल सांगताना मेंदूतल्या डोपामीनच्या वाटेवरचे भाग जास्त सक्रिय होतात, आणि तेवढ्यासाठी लोक थोडे पैसेही सोडतात. नुसता स्वतःचा विचार करण्यातही त्यांना गोडी होती, दुसऱ्यापर्यंत तो पोचणार आहे म्हटल्यावर ती वाढली. बदाम द्यायला तिथं कुणी नव्हतं.

आणि ज्यांच्या घरी किल्ला करणारी मुलं आहेत, त्यांनी १९७३चा एक प्रयोग लक्षात ठेवावा असं मला मनापासून वाटतं. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतली अशी मुलं निवडली, ज्यांना स्केचपेननं चित्रं काढायला मुळातच आवडायचं. काहींना सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी ताऱ्याचं, लाल फितीचं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काहीच न सांगता शेवटी तेच प्रशस्तिपत्र दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पाहिलं, तर आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं चित्रांत जेमतेम ८.६ टक्के वेळ रमली. बक्षीस न मिळालेली १६.७ टक्के, आणि अवचित मिळालेली १८.१ टक्के. अवचित कौतुकानं हौसेला काहीही बाधा आली नाही. ठरवून दिलेल्या कौतुकानं ती निम्म्यावर आणली. बहिणीला मी हे सांगितलं, तेव्हा तिनं 'शंभर बदाम झाले की सायकल' हा बेत सोडून दिला.

पूर्वी पेठांतल्या वाड्यांत किल्ले बघायला माणसं घरोघर हिंडायची, आजही काही ठिकाणी हिंडतात. कुणी तरी उकिडवं बसून विचारायचं, "हा दरवाजा कोणता रे?" आणि पोरगं पाऊण तास सांगत बसायचं. तिसऱ्या दिवशी समोरच्या इमारतीतले एक आजोबा तसेच आले. गुडघे धरत खाली बसले आणि नेढ्यातून बोट आरपार घालून म्हणाले, "अगं, मी बसलोय या नेढ्यात! वारा काय लागतो तिथं!" भाचीनं त्यांना बांगडीचं गुपित सांगितलं, जे तिनं ग्रुपवर लिहिलं नव्हतं.

संध्याकाळी तिनं खडूचं गणित पुढं नेलं. ४५ मधून १७ वजा, अंदाज २८. "म्हणजे मामा, आता २८ धरून टाकायचा ना फोटो?" मी हो म्हटलं. मग ती पणती घेऊन किल्ल्यामागं गेली आणि नेढ्यातून उजेड नेमका पलीकडच्या मावळ्यावर कसा पडेल ते बघत बसली. अळीव एव्हाना पिवळे पडू लागले होते. फोटो काढायचा राहूनच गेला.